कवठखेड्याची तेवीस लेकरं

चोवीस किलोमीटर

(प्रत्येक तुकड्यावरचा आकडा म्हणजे कवठखेड्यापासूनचं अंतर. गोष्ट तिकडे चालली आहे.)

तेवीस लेकरं होती आणि गाव नव्हतं.

ही गोष्ट आधी जिल्ह्याच्या ऑफिसात कळली, तीही एका निनावी अर्जामुळे. दातेवाडीच्या आरोग्य केंद्रातून लसीकरणाच्या बारा जागांची यादी आली होती. अकराव्या ओळीत लिहिलं होतं: मौजे कवठखेडा, पाच वर्षांखालची लेकरं तेवीस, दर महिन्याचा चौथा मंगळवार. महसुलाच्या दप्तरात त्याच नावापुढे एकच शब्द होता. बेचिराख. म्हणजे गावाला शीव आहे, गट नंबर आहेत, पैनगंगा पायी ओलांडायचा उतार आहे, फक्त माणूस नाही. कधीकाळी पटकीच्या साथीत लोक उठून गेले, ते परत आलेच नाहीत.

२००२ साल. हिंगोली जिल्हा होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. साहेबांनी सत्यशीलाबाईंना बोलावून घेतलं. आरोग्य सहाय्यिका, रिटायर व्हायला दीड वर्ष, गुडघे आधीच रिटायर झालेले.

"खोटी लेकरं दाखवून लस उचलायचा प्रकार दिसतो," साहेब म्हणाले. "यादीवर सही अंजली सिस्टरची आहे. माघातल्या बैठकीत तिचं निलंबन ठेवलंय, आणि कवठखेडा यादीतून काढायचं. कोणी केलं तेवढं तुम्ही लिहून आणा."

"आन् लेकरं खरी निघाली तर?"

"बाई, गाव बेचिराख आहे."

"गाव हाय बेचिराख, साहेब. मी लेकरांचं इचारून राहिले."

साहेबांनी अर्ज बाईंकडे सरकवला आणि दुसरी फाइल उघडली.


अकरा किलोमीटर

दातेवाडीला पोचेपर्यंत अंजली सिस्टर रडून मोकळी झालेली होती. पंचवीस वर्षांची पोरगी. डोळे सुजलेले, पण वेणी घट्ट आणि साडीची पिन जागेवर.

"टार्गेटसाठीच लिहायचं असतं मॅडम, तर प्रत्येक गावात दोन-दोन घुसवली असती. कोणाच्या बापाला कळलं नसतं. रिकाम्या गावात तेवीस कोण घुसवंल?"

"येडं माणूस घुसवंल," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "न्हाई तर लई मोठं कारण असणार. बस. पहिल्यापासून सांग."

अंजलीनं सांगितलं ते असं. कुठल्या गावी लसीची पेटी न्यायची हे कागदावरून ठरवायचं नाही, बायांना विचारून ठरवायचं, असं यंदा डॉक्टरांच्या मनात आलं. म्हणून भागातल्या सगळ्या गावांच्या एक्केचाळीस बाया केंद्राच्या अंगणात बोलावल्या. अंगणातच सगळा भाग मांडला. रस्ते चुन्याचे, गावं विटेच्या भुकटीची, पैनगंगा निळीची. नदीपाशी अंगण संपत होतं, भागही संपत होता. नदीपल्याड यवतमाळ, दुसऱ्यांचा मुलूख. बेचिराख कवठखेडाही मांडलं, कारण तलाठ्याच्या यादीत ते होतं. मग टोपलीभर चिंचोके दिले. एक लेकरू, एक चिंचोका.

"तू काय बोललीस त्यांना? नेमकं सांग."

"म्हणले, कोणतंच लेकरू सुटू देऊ नका. इतकंच. मंग एक बाळंतीण आली तपासायला, मी आत गेले. भायेर आले तोवर सगळे ठेवून झालेले."

पुढचं काम गुलाबचंद क्लार्कचं होतं. अंगणातला नकाशा त्यांनी कागदावर उतरवला. ज्या गावात वीस किंवा जास्त चिंचोके, तिथे पेटी जाणार. बाकीच्यांनी तीन किलोमीटरच्या आत चालत यायचं. महिन्याला बारापेक्षा जास्त जागा बसत नव्हत्या. कवठखेडा आत आलं आणि आडगव्हाण हे चांगलं नांदतं गाव एका चिंचोक्यानं यादीबाहेर गेलं.

गुलाबचंद बोलावण्याआधीच आले होते. जन्म हिंगोलीतला, नोकरी दातेवाडीला, आणि बोलणं दोन्हींच्या मधलं.

"मॅडम, जो दिखा वो लिखा. कवठखेड्यावर तेवीस थे. थोडे टूटे हुए थे, पण चिंचोका तो चिंचोका है."

"तुटके?"

"पाहता का? रेकॉर्ड ठेवलाय मी." त्यांनी कपाटातून बारा पाकिटं काढली. प्रत्येकावर गावाचं नाव, तारीख आणि सही.

"चिंचोक्यांचं रेकॉर्ड?"

"ऑडिट आया तो?"

अंजली इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

अकरा पाकिटांत अख्खे, तपकिरी, गुळगुळीत चिंचोके निघाले. अकरा नंबरच्या पाकिटात एकही अख्खा नव्हता. तेवीसच्या तेवीस फाका. पोरी दगडावर उभा धरून ठेचतात आणि खेळायला घेतात, तशा, एक बाजू काळी अन् एक पांढरी.

सत्यशीलाबाईंनी त्या टेबलावर पसरल्या आणि एक विचित्र काम सुरू केलं. एक फाक दुसरीला लावून बघायची, जुळली तर बाजूला ठेवायची. गुलाबचंदांनी घड्याळाकडे पाहिलं, मग खुर्ची ओढून तेही जुळवायला बसले.

तासाभरानं चार जोड्या जुळल्या. पंधरा फाका एकट्या राहिल्या. कोणाशीच जुळेनात.

"याचा अर्थ काय मॅडम?" अंजली म्हणाली.

"एकाच माणसानं तेवीस लेकरं खोटी मांडली असती, तर टोपलीत हात घालून तेवीस अख्खे उचलले असते. फोडत कशाला बसलं असतं? आन् फोडलेच, तर दोन्ही फाका इथंच सापडल्या असत्या ना. एकीच्या जोडीला एक." त्यांनी बोटांवर मोजायला घेतलं. "जोडीला एक हात धर. एकट्या फाकेला एक हात. किती झाले?"

"चार आन् पंधरा. एकोणीस."

"एक्केचाळीस बायांतल्या एकोणीस. कोणी कोणाला सांगितलेलं न्हाई, सांगितलं असतं तर तुझ्या कानावर आलं असतं. तरी सगळ्यांनी तेच केलं. गुलाबचंद, हा कट न्हाई बरं. ही काहीतरी रीत हाय."

"कशाची रीत?"

ते बाईंना माहीत नव्हतं. राहिलेल्या पंधरा अर्ध्या कुठे गेल्या, तेही नव्हतं.


पाच किलोमीटर

आडगव्हाणचे सरपंच संपतराव वाटच बघत बसल्यासारखे भेटले.

"आमचं केंद्र भुताच्या गावाला दिलं! चाळीस उंबऱ्यांचं गाव आमचं, आन् लस कोणाला? निवडुंगाला!"

"अर्ज तुमी केला का?"

"कोणता?"

बाईंनी अर्जाच्या पहिल्या दोन ओळी वाचून दाखवल्या. *साहेबांस विनंती की कवठखेडा इथे एकही लेकरू राहत नाही. तिथे जीपगाडी नेऊ नये.* आणि घडी घातली.

"निनावी?" संपतराव चिडले. "मी अर्ज करतो तर लेटरहेडवर करतो, शिक्क्यासकट, चार प्रतींत! तीस वर्षं झाली राजकारणात. निनावी काहून करू?"

हे बाईंना पटलं. शिवाय अर्जात आडगव्हाणचं नावच नव्हतं. केंद्र गेलेलं माणूस केंद्र परत मागतं. या अर्जदाराला काहीच नको होतं. जीप तिकडे जाऊ नये, एवढंच.

"तुमच्या घरात पाच वर्षांखालचं कोणी?"

"न्हाई."

"नातवंडं?"

"पोरगं शिकून राहिलं औरंगाबादला. एक पोरगी, मंजुषा. दिली पल्याड, वऱ्हाडात. लग्नात त्यांनी मानपानावरून तमाशा केला. तवापासून जाणं न्हाई, येणं न्हाई. तीन वर्षं झाली."

"चहात साखर घालू का कमी?" आतून त्यांच्या बायकोचा, पंचफुलाबाईंचा आवाज आला.

"घाला," सत्यशीलाबाई म्हणाल्या. चहा येईपर्यंत संपतराव चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होते.

निघताना पंचफुलाबाई न्हाणीच्या बाजूनं वळसा घालून वाटेवर आल्या. डोक्यावर पदर, हातात रिकामी घागर. पाण्याची वेळ नव्हती.

"बाई, कवठखेड्याला जाणार जणू तुमी?"

"जाईन म्हणते."

"जा. पण अमावस्येला नका जाऊ. नदीला साती आसरा असत्यात त्या दिवशी. पाण्याच्या देव्या त्या, लागीर होतं."

आणि त्या झपाझप निघून गेल्या.

सत्यशीलाबाई बाभळीच्या सावलीला थांबल्या. अर्जाची घडी उघडली. जी ओळ त्यांनी कोणालाच वाचून दाखवली नव्हती, ती पुन्हा वाचली.

*अमावस्येला तर नेऊच नये.*


दोन किलोमीटर

(मेंढपाळ कोंडीबाची उत्तरं. प्रश्न बाईंचे, ते कोणालाही कळतील असेच होते.)

"व्हय, बसतो ना तिथं. दिवाळीपासून शिमग्यापस्तोर. गवत चांगलं हाय.

"दीडशे. दोन लंगडी.

"लेकरं? माझी तीन. भावाचं एक, ते मोठं झालं आता, मलाच शिकवतं.

"तिन्हींला टोचलंय. औंढ्याला, जत्रेत. दंडावर खूण हाय, बघा की. आरं, दाखव रं बाईला.

"तेवीस? तेवीस लेकरं असती तर मेंढरंच लेकरांनी राखली असती, मी झोपलो असतो.

"न्हाई, दुसरं कोणी राहत न्हाई. चूल न्हाई, कुत्रं न्हाई.

"अमावस्येला आमी तिथं नसतो. कळप माळावर नेतो आदल्याच दिशी. गावातला बी गडी कोणी फिरकत न्हाई.

"काहून म्हंजे? आसरांचा दिस. माझ्या बापानं बी पाळला.

"पाहिल्या न्हाईत. पाहिल्यावर माणूस राहतं का? आवाज येतो माळावर. वारा इकडचा असला तर बराबर येतो.

"हसण्याचा.

"लई हसत्यात बाई. दिवसभर.

"आन् एक सांगू का? लेकरं रडल्याचा बी येतो."


शून्य

अमावस्येला या भागात औत जुंपत नाहीत. बैलांना सुट्टी, म्हणून गड्यांना सुट्टी, आणि रान बंद म्हणून बायांच्या मजुरीलाही सुट्टी. पौषातल्या अमावस्येला सत्यशीलाबाई एकट्या, काठी टेकत कवठखेड्यात शिरल्या तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील.

पडक्या भिंती, कवठाची दोन झाडं, पुढे नदी. वर धरण असल्यानं इथं पाणी गुडघाभरच राहतं. त्या पाण्यातून पल्याडहून बाया येत होत्या. लुगडं वर खोचलेलं, डोक्यावर गाठोडं, कडेवर लेकरू. अल्याडून म्हाताऱ्या येत होत्या. कवठाखाली दोन्हीकडची माणसं एकमेकींत मिसळत होती. आवाज कोंडीबानं सांगितला होता तसाच. एक म्हातारी लेकीच्या डोक्यात तेल घालत होती, लेक खात होती, आणि दोघी एकदमच बोलत होत्या.

बाईंना पाहून सगळं थांबलं.

पंचफुलाबाई उठल्या. त्यांच्या मागे एक तरणी पोरगी होती, तोंडावळा थेट संपतरावांचा, आणि तिच्या पायाला धरून एक दोन वर्षांचं बावरलेलं पोर.

"मी नका म्हणले होते ना," पंचफुलाबाई म्हणाल्या. आवाजात राग कमी आणि भीतीच जास्त होती.

"एकटीच आले. जीप न्हाई, कागद बी न्हाई. बसू का?"

कोणी बस म्हणालं नाही. द्वारकाबाई नावाच्या एका म्हातारीनं मात्र आपलं पटकूर थोडं सरकवलं. बाई गुडघा धरत बसल्या. कोणीतरी हातावर भाकरी ठेवली. मग हळूहळू सगळं कळलं, तुकड्या-तुकड्यानं, एकीचं वाक्य दुसरीनं पुरं करत.

लेकी पल्याड दिलेल्या. माहेरी यायचं म्हणजे कोणीतरी न्यायला जायला हवं, सासूला विचारायला हवं, लुगडं-चोळी करायला हवी, चार दिवसांची मजुरी बुडते. भांडण झालेलं असलं तर तेही नाही. पण आसरांना निवद दाखवायला कोण नाही म्हणेल? सकाळी निघायचं, दिवस बुडायच्या आत घरी. बापाला ठाऊक नाही, नवऱ्याला ठाऊक नाही.

"हे माहेर न्हाई, सासर बी न्हाई," पंचफुलाबाई म्हणाल्या. "कोणाचंच गाव न्हाई. म्हणून येता येतं."

"आन् चिंचोके?"

बाया एकमेकींकडे बघून लाजल्या. काही तोंडाला पदर लावून हसल्या.

"ती पोरगी बोलली, कोणतंच लेकरू सुटू देऊ नका," एक म्हणाली. "मंग लेकीचं कसं सोडावं?"

"पण नदीपल्याड नकाशाच नव्हता," दुसरी म्हणाली. "ठेवावं कुठं? जिथं दिसतं तिथं ठेवलं. इथं."

"आन् अर्धं कशाला?"

"पुरं ठेवलं तर सासरचं लेकरू आपल्या घरात मोजल्यावाणी झालं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "ते बराबर दिसत न्हाई. लेकीचं लेकरू अर्धं आपलं. अर्धं तिकडच्या आजीचं. तिचं आमी काहून ठेवावं? फेकून दिलं."

"दोन नातवंडं असली की एकाच चिंचोक्यात भागतं," कोणीतरी म्हणालं.

चार जोड्या. पंधरा एकट्या. सत्यशीलाबाईंनी मान हलवली. पस्तीस वर्षांत पाहिलेल्या कुठल्याही सर्वेक्षणात इतकी चोख मोजणी त्यांना आठवेना.

मग त्यांनी आपलं काम केलं. लेकरांचे डावे दंड बघितले. टोचल्याची खूण सहा दंडांवर होती. सोळा दंड कोरे. पल्याडचं केंद्र बारा किलोमीटरवर होतं, गाडीवाट नव्हती आणि पेटी घेऊन कोणी येत नव्हतं.

सहा आणि सोळा.

बाईंनी पुन्हा मोजलं. बावीस.

"एक लेकरू आज आलं न्हाई का?"

दोघी-तिघींनी द्वारकाबाईंकडे पाहिलं.

"समदी आली," द्वारकाबाई म्हणाल्या. "एक चिंचोका माझा हाय. माझ्या लेकीची, जिवनाची पोरगी. गेल्या चैत्रात गोवर निघाला, चौथ्या दिशी गेली. दहा महिन्यांची होती." त्या बाईंकडे न बघता हातातली काडी मोडत होत्या. "मला ठाऊक हाय मेलेलं मोजत न्हाईत. पण कोणतंच सुटू देऊ नका म्हणली ना ती. हात मागंच येईना माझा."

सत्यशीलाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. गोवराची लस नवव्या महिन्याला देतात, हे त्या तिथं बोलल्या नाहीत.

पंचफुलाबाईच पुढं बोलल्या. "अर्ज मी लिहिला. चौथी शिकले मी. इथं केंद्र होणार म्हणलं आन् माझं काळीजच बसलं. जीप आली की डायवर येणार. सरपंच नारळ फोडायला येणार, आमचेच धनी. फोटो निघंल. मंग कोणीतरी इचारंल, ह्या बाया इथं काहून जमल्या? दुसऱ्या महिन्यापासून बंद. मंजुषाला मी कुठं बघावं मंग?"

"अर्ज खरा धरला तर अंजली सिस्टर नोकरीवरून जाईल," बाई म्हणाल्या. "आन् ही सोळा अशीच राहतील."

"मला ठाऊक न्हवतं ओ. माझ्यामुळं..."

"आन् खरं सांगितलं तर तुमचा दिवस जाईल."

ज्या लेकी इतका वेळ खात होत्या त्यांनी भाकरी खाली ठेवली. मंजुषानं पोर उचलून घेतलं.

शेवटी द्वारकाबाईच बोलल्या. सगळ्यांत हळू आवाजात, पण त्यांच्या बोलण्यावर कोणी बोलेल असं नव्हतं.

"सुई येऊ द्या. जीप नगं."


अकरा किलोमीटर, परत

(अहवालाचा पहिला मसुदा, खोडलेला.)

~~सदर ठिकाणी दर अमावस्येस एकोणीस महिला आपल्या विवाहित मुलींना~~

(दुसरा, खोडलेला.)

~~नोंद करताना क्लार्क यांची नजरचूक~~

"माझी नजरचूक?" गुलाबचंद म्हणाले. "मॅडम, लिहा. मेरी दो साल की नोकरी बाकी, कोण काय करेल मला?"

"तुमची नजर चांगली हाय म्हणूनच कळलं सगळं," बाई म्हणाल्या आणि तिसरा कागद घेतला. अंजली समोर बसून नखं खात होती. बाईंनी तिच्या हातावर चापट मारली. "तुला किती चालता येतं?"

"किती म्हंजे?"

"डांबरी संपते तिथून कवठखेडा दोन किलोमीटर. लसीची पेटी खांद्याला, बर्फासकट. जीप डांबरीवरच राहील. चालशील?"

"मी पळत जाईन, मॅडम."

"पळू नको. बर्फ सांडंल."


चोवीस किलोमीटर

माघातल्या बैठकीत पंधरा माणसं होती. सत्यशीलाबाई सोडल्या तर सगळे पुरुष. संपतराव पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीत.

साहेबांनी अहवाल मोठ्यानं वाचला. "कवठखेडा येथे वस्ती नाही. लेकरं बावीस, सर्व नदीपलीकडच्या वाड्यांतील. त्यांचे केंद्र बारा किलोमीटर, आपला उतार पाऊण. टोचलेली सहा, न टोचलेली सोळा. सत्र कायम ठेवावे. दिवस अमावस्या. नदीला पूर असेल ते महिने सोडून. कर्मचारी फक्त महिला. वाहन, बॅनर, उद्घाटन नको." ते थांबले. "पण यादीत तेवीस होती."

"शेरा बघा, साहेब. खाली."

त्यांनी शेरा मनात वाचला. *एक, मुलगी, दहा महिने. गोवर. गेल्या चैत्रात.* चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"दुसऱ्या जिल्ह्याची लेकरं आपल्या लसीत कशी बसवायची?" मागून एकानं विचारलं.

"लेकरू समोर आलं की टोचायचं, गाव इचारायचं न्हाई, असंच शिकवलंय आमाला," बाई म्हणाल्या.

"आणि नकाशात कोणी घातली ही? ते लिहून आणायला सांगितलं होतं," साहेब म्हणाले.

"एकट्यानं कोणी घातली न्हाईत. अंजली सिस्टरनं तर एक बी न्हाई. आपला नकाशा नदीपाशी संपला, साहेब. लेकरं तिथं संपत न्हाईत. बायांनी शेवटच्या गावावर मांडली. चूक आपल्या अंगणाची हाय."

"पण अमावस्याच का? आणि फक्त बायकाच का? मी स्वतः पाहणीला जाईन म्हणतो."

हा प्रश्न बाईंनी रात्रंदिवस घोळवला होता. तयार केलेलं उत्तर ओठांवर होतं, आणि ते कितपत टिकेल याची खात्री नव्हती. "तिथं त्या दिवशी साती आसरांचा..."

"साहेब, आसरा म्हंजे काय तुमाला ठाऊक न्हाई." संपतराव उभे राहिले होते. "आमच्या भागात त्या दिवशी तिकडं गडी माणूस जात न्हाई. माझा आजा गेला न्हाई, बाप गेला न्हाई. मी सरपंच असून गेलो न्हाई. बाईमाणसालाच जाऊ द्या. बराबर लिहिलंय त्यांनी."

"पण तुमच्याच गावाचं केंद्र जातंय ना, संपतराव?"

"आमी जातो ना चालत शेजारच्या पिंपरीला. आमच्या पायाला काय मेंदी लागली?"

खोली हसली. साहेबांनीही हसून सही केली. अंजलीची फाइल त्यांनी बंद केली आणि उजवीकडून उचलून डावीकडे ठेवली.

बाहेर चहाच्या टपरीपाशी संपतरावांनी बाईंना गाठलं. बैठकीतला आवाज आता त्यांच्यात नव्हता.

"तुमी बोललात म्हणून झालं," बाई म्हणाल्या. "तुमाला कधीपासून ठाऊक हाय?"

"मला काय ठाऊक? मला काहीच ठाऊक न्हाई." त्यांनी चहा बशीत ओतला आणि प्यायलाच नाही. "दर अमावस्येला आमच्या घरातून तेलाची बाटली कमी होते. आन् दुसऱ्या दिशी मंडळी भाकरी थापताना गाणं म्हणते. तीन वर्षं झाली, मी इचारलं न्हाई. आता बी इचारत न्हाई."

"मी कोणाचंच नाव लिहिलेलं न्हाई, संपतराव."

"नगा लिहू."

समोर कापडाचं दुकान होतं. दारात रंगीत टोपडी टांगलेली होती, काचेच्या टिकल्या लावलेली. संपतराव तिकडे बघत राहिले, मग बशी खाली ठेवली.

"एक टोपडं घेतो म्हणलं. द्यायला तिथं कोणाला तरी. कोणाला बी. फक्त माप..."

त्यांनी दोन्ही तळहात समोरासमोर धरले. मधे नारळाएवढी जागा. नुकतंच जन्मलेलं डोकं.

सत्यशीलाबाईंनी आपले हात वर केले आणि त्यांच्या शेजारी धरले. त्यांच्यातली जागा बरीच मोठी होती.

"एवढं?" संपतराव म्हणाले.

"एवढं. आन् केस कुरळे हायेत."

त्यांनी आपले हात हळूहळू लांब केले, बाईंच्या हातांइतके झाल्यावर थांबवले, आणि तसेच धरून, काही सांडू नये अशा चालीनं, रस्ता ओलांडून दुकानात गेले.